बुलेटला कच्चा टाका

'चॉपर' म्हटलं की आपल्याला हेलिकॉप्टर आठवतं. पण मैत्रिणींनो, चॉपर नावाची मोटारसायकलही असते. पुढचं चाक हातभर लांब गेलेलं, हँडल उंच, सीट जमिनीलगत आणि बसणारा आरामखुर्चीत रेलल्यासारखा. चॉप म्हणजे कापणं. कंपनीने दिलेली गाडी कापायची, नको ते काढून टाकायचं आणि आपल्या मापाने पुन्हा जोडायची. मी तीस वर्षं ब्लाउज शिवत आलेय, त्यामुळे मला यात नवल वाटलं नाही. तयार कपडा उसवून अंगाबरोबर करून घेणाऱ्या बायका काय कमी आहेत? नवल वाटलं ते माझ्या मुलाने हे काम बुधवार पेठेतल्या आमच्या वाड्याच्या चौकात करायचं ठरवलं त्याचं.

वेड जुनंच. तो शाळेत असताना डिस्कव्हरीवर 'अमेरिकन चॉपर' लागायचं. २००३ मध्ये सुरू झालेली मालिका. त्यात एक बाप आणि त्याचा मुलगा दिवसभर एकमेकांवर ओरडत गाड्या बनवायचे. आमचे हे आणि मुलगा, दोघंही जेवणाची ताटं घेऊन समोर बसायचे. "आपल्या बुलेटची अशी करू एकदा," असं हे म्हणायचे. ते राहूनच गेलं. ह्यांना जाऊन आता सहा वर्षं झाली. बुलेट जिन्याखाली ताडपत्रीत होती.

आपल्याकडे हे कुणी करत नाही असं नाही. मुंबईच्या अक्षय वर्दे यांनी विमानातली नोकरी सोडून बुलेटच्या इंजिनावर चॉपर बनवायला घेतल्या आणि कंपनीला नाव दिलं 'वर्देंची'. ऐकायला अगदी इटालियन वाटतं, पण सरळसरळ मराठी आहे. गाडी कुणाची? वर्देंची! मला हे फार आवडलं. आणखी एक गोष्ट मुलाने सांगितली, ती मनात राहिली. १९६९ च्या 'ईझी रायडर' या सिनेमाने चॉपर जगभर पोचवली. त्यातल्या गाड्या घडवल्या क्लिफ व्हॉज आणि बेन हार्डी या दोन कृष्णवर्णीय माणसांनी. सिनेमाच्या श्रेयनामावलीत त्यांचं नावच नाही. लग्नाच्या फोटोत नवरीचा ब्लाउज सगळे बघतात, शिवला कुणी हे कोण विचारतं?

असो. तर एका रविवारी मुलाने ताडपत्री काढली आणि मी म्हटलं, "थांब. गाडी कुणाच्या नावावर आहे?"

गाडी माझ्या नावावर आहे. नवऱ्याच्या पश्चात गाडी वारसाच्या नावावर करायला आरटीओत फॉर्म ३१ भरावा लागतो, तो मी वेळेत भरला होता. (कितीतरी घरांत गाडी गेलेल्या माणसाच्याच नावावर वर्षानुवर्षं चालते आणि अपघात झाला की विम्याच्या वेळी रडायची पाळी येते. आजच आरसी बुक काढून बघा.) आता मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ असं म्हणतं, की कंपनीने दिलेल्या आणि नोंदणीत असलेल्या तपशिलापेक्षा गाडी वेगळी करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच स्पष्ट केलं. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली. परवानगी नसलेला बदल केला तर ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. आणि हे सगळं मालकाला, बरं का! म्हणजे कापणार तो, आत जाणार मी.

कायद्याचं निमित्त मला बरंच सापडलं. पण खरं कारण वेगळं होतं. उसवलेलं शिवता येतं, कापलेलं पुन्हा अखंड होत नाही. ह्यांच्या गाडीला करवत लावायची नाही, असं मी स्पष्ट सांगितलं. तो म्हणाला, "अगं, बाबांनीच म्हटलं होतं ना!" त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्याला बापाचा शब्द हवा होता आणि मला त्यांची गाडी. पंधरा दिवस आम्ही 'जेवायला वाढू का' आणि 'नको' एवढंच बोललो.

शेवटी तोड त्यानेच काढली. ओळखीच्या गॅरेजवाल्याकडे अपघातात वाकलेल्या, नोंदणी रद्द झालेल्या एका बुलेटचा सांगाडा पडून होता. तो पावतीसकट आणला. "ही गाडी रस्त्यावर जाणार नाही आई. पण बनवायची आहे." मग मी चौक मोकळा करून दिला.

हत्यारं म्हणाल तर अगदी साधी. बोहरी आळीतून हॅक्सॉ, दोन कानशी, पान्यांचा संच आणि एक व्हाइस आणली. ड्रिल मशीन घरात होतंच. ओळंबा आणि सूत गवंड्याकडून मागून आणलं. टेप माझी! पहिले तीन रविवार त्याने काहीच कापलं नाही, नुसती मापं घेतली. पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत सूत ताणायचं, ओळंबा सोडायचा, खडूने फरशीवर खूण करायची. सांगाडा कुठे किती वाकलाय ते असं कळतं. मी त्याला ब्लाउजच्या बेतासाठी ठेवलेला खाकी कागद दिला. आधी कागदावर, मग पुठ्ठ्यावर, मग लोखंडावर. मोठमोठ्या कारखान्यांत याहून काय वेगळं करत असतील, सांगा.

पुढच्या चाकाला धरणाऱ्या भागाला सायकलवाले चिमटा म्हणतात. नेहमीच्या मोटारसायकलीत तो उभ्या रेषेपासून ३० अंशांच्या आत कललेला असतो. चॉपरमध्ये हा कल ३५, ४० किंवा त्याहूनही जास्त. कल वाढला की सरळ रस्त्यावर गाडी झोकात जाते, पण हळू चालवताना हँडल एका बाजूला पडू बघतं आणि वळायला भरपूर जागा लागते. तिकडे अमेरिकेत रस्ते मैलोन्‌मैल सरळ. आमच्या तपकीर गल्लीत दुपारी वायरची भेंडोळी घेतलेल्या हमालाला वळता येत नाही! मुलाला ४२ अंश हवे होते. पुठ्ठ्याचा बेत चौकात मांडून पाहिला, तर चाक थेट तुळशीवृंदावनाला टेकलं. ३५ वर तडजोड झाली.

जोडायची वेळ आली तेव्हा मात्र मी ऐकलं नाही. आमचा वाडा सागवानाचा. खांब, तुळया, जिना, सगळं लाकूड, शंभर वर्षं वाळलेलं. वेल्डिंगची एक ठिणगी फटीत गेली तर तासाभराने धुमसायला लागते आणि पेठेतल्या बोळात अग्निशमनची गाडी शिरता शिरत नाही. ग्राइंडरचंही तेच. म्हणून चौकात फक्त करवत आणि कानस. वेळ लागतो, हाताला फोड येतात, पण आग लागत नाही. पेट्रोलच्या टाकीबद्दल तर कुणाच्याच घरी धोका पत्करू नये. रिकामी टाकी भरलेल्यापेक्षा वाईट, कारण आत वाफ कोंडलेली असते. तिच्यावर वेल्डिंग केलं तर बाँबच.

सांगाडा टेम्पोत घालून फॅब्रिकेशनवाल्याकडे नेला. मीही गेले. तिथे मला माझाच धंदा दिसला. जोडाच्या ठिकाणी नुसते पाइप एकमेकांना चिकटवत नाहीत, आतून दुसरा घट्ट पाइप सरकवतात, आपण ताण येतो तिथे आतून जोड देतो तसा. मग चारी बाजूंनी एकेक ठिपका वेल्डिंग. तो कच्चा टाका! एका बाजूने सरळ वेल्डिंग करत गेलं तर थंड होताना लोखंड आक्रसतं आणि सांगाडा त्या बाजूला ओढला जातो, दोरा घट्ट झाला की कापड चुणतं अगदी तसंच. म्हणून समोरासमोर ठिपके, पुन्हा सूत, पुन्हा ओळंबा आणि मगच पक्की शिवण. मी म्हटलं, "डावीकडे जरा ओढलंय." त्यांनी माप घेतलं. ओढलं होतं. "काकू, काम बघितलेलं दिसतंय," म्हणाले. मी म्हटलं, "रोज करते."

वायरिंग सर्वांत सोपं गेलं. दिवे, वायर, चिमटे, सगळं दोन मिनिटांवरच्या तपकीर गल्लीत. इंजिन मात्र नुसतं खोकं आहे, आतलं सामान नाही. चालणारं इंजिन ह्यांच्या गाडीत आहे. ती गाडी मुलाने याच काळात नट-बोल्टसुद्धा न बदलता दुरुस्त केली, आरटीओत फेरनोंदणी झाली. पहिल्या दिवशी अँपिअरचा काटा मध्यावर आणून त्याने किक मारली, तिसऱ्या किकला ती बोलली. वरच्या मजल्यावरच्या काकू गॅलरीत आल्या आणि काही न बोलता आत गेल्या. आवाज त्यांच्याही ओळखीचा होता.

चॉपर आता चौकात उभी आहे. हँडल एवढं उंच की शेजारच्या वहिनी त्यावर पंचे वाळत घालतात आणि मुलगा चिडतो. राहिलीय ती सीट, आणि ती माझ्याकडे आहे. फोमचे दोन थर, वर काळं रेक्झिन. रेक्झिनला १८ नंबरची सुई लावा, टाका मोठा ठेवा आणि टाचण्या अजिबात लावू नका, भोकं कायमची राहतात. मी कपडे वाळत घालायचे चिमटे वापरते. मधल्या शिवणीशी चार पदर येतात, तिथे मशीनचा पाय थांबवून चाक हाताने फिरवायचं. येत्या रविवारपर्यंत द्यायचीय.