काटा खाली आला, म्हणजे गाडी थंड झाली असे नव्हे

लग्नसराई संपत आली, की आपल्या भागातल्या गॅरेजांत एक ठरावीक दृश्य दिसते. बॉनेट उघडलेल्या, हेड उतरवून ठेवलेल्या चार-दोन गाड्या रांगेने उभ्या असतात. मालकाला विचारावे तर उत्तर एकच, "पाणी उडालं, कळलंच नाही." कळले कसे नाही, हा प्रश्न आम्हीही दुसऱ्यांना ऐटीत विचारत होतो. २०२३ च्या मे महिन्यात आमच्यावर पाळी आली आणि तोंड बंद झाले.

रत्नागिरीचे लग्न उरकून आम्ही सांगलीकडे परतत होतो. पाचांच्या गाडीत सहा माणसे, डिकीत आंब्याच्या पेट्या, वर दुपारचे ऊन. साखरपा मागे टाकून आंबा घाट चढू लागलो तसा गरमीचा काटा मधल्या रेघेच्या वर सरकला. आम्ही एसी बंद केला. थोड्या वेळाने काटा चक्क खाली आला. पुढे बसलेले अण्णा, म्हणजे आमचे चुलते, म्हणाले, "बघ, वर गार वारं लागलं. झाली गाडी थंड." सगळ्यांना हायसे वाटले. त्यानंतर दोन-तीन वळणांतच इंजिन खडखडू लागले, ओढ गेली आणि गाडी जागेवर उभी राहिली. बॉनेट उघडले तर खालचा रबरी पाइप फाटलेला आणि रेडिएटरमध्ये पाण्याचा थेंब नाही.

गाडी ओढून गावच्या गॅरेजमध्ये आणली. मिस्त्रींनी सगळी हकिगत शांतपणे ऐकून घेतली. "पाव्हणं, काटा पान्याची गरमी सांगतो, इंजनाची न्हाई. पानीच न्हाई, तर त्यो बिचारा काय सांगणार?"

गोम इथेच आहे. गरमीचा सेन्सर म्हणजे पितळेच्या खोळीत बसवलेला एक छोटा मणी. तापला की त्याचा विजेला होणारा विरोध कमी होतो आणि त्यावरून काटा हलतो. पण तो पाण्यात बुडालेला असेल तोवरच खरे बोलतो. पाणी गेले की तो नुसत्या वाफेत किंवा हवेत लोंबकळतो आणि खोटाच थंडावा दाखवतो. म्हणून चढावर, ओझे असताना, काटा एकाएकी खाली आला तर गाडी तिथल्या तिथे बाजूला घेऊन बंद करावी. वायर तुटली तरीही बऱ्याच गाड्यांत काटा तळाशीच पडून राहतो.

आमचा सेन्सर काढला तेव्हा त्यावर खडूसारखा पांढरा थर होता. वर्षानुवर्षे आम्ही बोअरचे पाणी ओतत आलो, त्या क्षाराचे हे फळ. असा थर धरला की सेन्सरला गरमी उशिरा कळते. हाच क्षार रेडिएटरच्या नळ्यांतही बसतो, ते वेगळेच. कूलंट आणि बॅटरीचे पाणी निम्मे-निम्मे घातले तर ही पाळी येत नाही. रस्त्यात अडल्यावर मात्र इंजिन पूर्ण निवल्यानंतर मिळेल ते स्वच्छ पाणी घालायला हरकत नाही. घरी आल्यावर ते काढून टाकावे.

कार्ब्युरेटरच्या जुन्या गाड्यांत हा सेन्सर फक्त काटा हलवायचा, आणि पंख्यासाठी निराळा स्विच असायचा. इंजेक्शनच्या गाड्यांत गाडीचा संगणक या सेन्सरवरच पेट्रोल किती सोडायचे आणि पंखा कधी लावायचा, हे ठरवतो. सेन्सर "थंड आहे, थंड आहे" असेच सांगत राहिला, तर संगणक जादा पेट्रोल सोडतो. मग काळा धूर, घसरलेले ॲव्हरेज आणि गरम गाडी चालू व्हायला कटकट. सकाळी चावी फिरवताच पंखा सुरू झाला, किंवा तापूनही लागलाच नाही, तरी आधी सेन्सर आणि त्याची पिन पाहावी. पुष्कळदा सेन्सर धडधाकट असतो. सॉकेटमध्ये हिरवा गंज धरलेला असतो आणि तो साफ केला की काम होते.

यावर गावोगाव चालणारे उपाय दोन. एक, पंखा "डायरेक्ट" करून डॅशबोर्डवर बटण लावायचे. बटण दाबायचे विसरला, की इंजिन गेले. दुसरा, थर्मोस्टॅट काढून टाकायचा. त्याने इंजिन धड तापतच नाही, थंडीत पेट्रोल जास्त जळते आणि मूळ दुखणे तसेच राहते. मिस्त्रीलोकांना राग येईल, पण ही दुरुस्ती नव्हे.

सेन्सर तपासायला फार मोठी विद्या लागत नाही. काढलेला सेन्सर जुन्या डब्यात पाण्यात टांगावा, वायरची बाजू कोरडी ठेवावी, मल्टिमीटर लावून पाणी तापवावे. पुष्कळ गाड्यांत २० अंशांना दोन ते अडीच हजार ओहम आणि ८० अंशांना तीनशेच्या आसपास आकडा येतो. आपल्या गाडीचा नेमका आकडा मिस्त्रींना विचारावा. आकडा सावकाश, एकसारखा उतरला पाहिजे. मध्येच उडी मारली, की सेन्सर बदलायचा.

बदलताना इंजिन पूर्ण थंड हवे. रात्रभर उभी असलेली गाडी उत्तम. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडून हात-तोंड भाजून घेतलेली माणसे गावोगाव आहेत. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढावी, कारण काही गाड्यांत चावी बंद असतानाही पंखा फिरू लागतो. सॉकेटची कडी दाबून ते काढावे, वायरीला हिसडा देऊ नये. नवा सेन्सर हाताशी ठेवला तर पाणी फार सांडत नाही. वायसर नवी घ्यावी, आटे हाताने बसवावेत आणि शेवटीच पाना लावावा, तोही बेताने. ॲल्युमिनियमचे आटे लगेच जातात. एका वायरीच्या सेन्सरला नळाची पांढरी टेप गुंडाळू नये. त्याला अर्थिंग आट्यांतूनच मिळते, टेपने ते तुटते.

नंतर कूलंट भरून, हीटर पूर्ण उघडून, इंजिन थंड असतानाच झाकण काढून ते चालू करावे आणि बुडबुडे यायचे थांबू द्यावेत. मग झाकण लावून पंखा दोनदा लागून बंद होईपर्यंत गाडीजवळून हलू नये. दुसऱ्या दिवशी सकाळी पातळी पुन्हा पाहावी.

काढलेले कूलंट गोठ्याजवळ ओतू नये. ते चवीला गोड आणि विषारी असते. कुत्री, जनावरे चाटतात.

आमच्या गाडीचा सेन्सर काही शे रुपयांत आला. हेड, फेसिंग आणि गॅस्केटच्या खर्चापायी मात्र दोन म्हशींचे पाच महिन्यांचे दूधबिल गेले. आता डिकीत बॅटरीच्या पाण्याचा कॅन असतो. अण्णांची बोअरच्या पाण्याची बाटली अधूनमधून मागच्या सीटखाली सापडते.