लोणार : गोड धार, खारे सरोवर

गेल्या डिसेंबरात आमच्या इतिहास विभागाची सहल लोणारला निघाली तेव्हा सर म्हणाले, "तू तर लोणारचीच. माहिती तूच सांगायची." मी मोठ्या तोऱ्यात होकार दिला. ज्या काठावर लहानाची मोठी झाले त्याची माहिती सांगायला काय अवघड! परंतु गोमुखाच्या धारेचे ओंजळभर पाणी पिऊन आम्ही खाली उतरलो, एका मैत्रिणीने सरोवराचे पाणी बोटाने जिभेला लावले आणि तोंड वाकडे करून विचारले, "अगं, वरून गोड पाणी येतं, मग खाली हे असं कसं?" मी गप्प. "लवणासुराचं रक्त आहे ते," हे आजीचे उत्तर ओठांवर आले होते. पण मैत्रिणीला तेवढ्यावर भागवता येणार नाही, हे कळत होते. त्या प्रश्नापायी जे वाचले, विचारले आणि पुन्हा जाऊन पाहिले ते येथे मांडते.

लोणारला येणारे बहुतेक प्रवासी वरच्या कडेवर उभे राहतात, फोटो काढतात आणि वेरूळ-अजिंठ्याच्या वाटेला लागतात. पाच मिनिटांत लोणार 'झाले'! वरून दिसते ते सुंदर आहे यात शंका नाही. सुमारे १.८ किलोमीटर रुंदीची एक प्रचंड परात, कडेपासून तळापर्यंत जवळजवळ १४० मीटर खोल, आणि तळाशी हिरवट पाणी. परंतु तेथेच उभे राहून एकदा पाठीमागेही पाहावे. बाहेरची शेते कडेपासून दूर उतरत जातात. म्हणजे कड भोवतालच्या जमिनीपेक्षा उंच आहे. खड्डा खणताना माती काठावर पडून वरंबा होतो, तसाच हा वरंबा आहे. फक्त खणणारा आकाशातून आला होता.

हे मान्य व्हायला बराच काळ जावा लागला. आपला सगळा प्रदेश ज्वालामुखीच्या लाव्ह्यापासून झालेल्या काळ्या पाषाणाचा. तेव्हा हे विवरही ज्वालामुखीचेच, असा तर्क होणे स्वाभाविक होते. पुढे सरोवराच्या तळाला भोके पाडून खालचा खडक वर काढण्यात आला. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण आणि अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी १९७३ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्या खडकात 'मास्केलिनाइट' नावाचा काचेसारखा पदार्थ सापडला होता. तो नुसत्या उष्णतेने होत नाही, त्याला भयंकर आघात लागतो. आघात केव्हा झाला याबद्दल मात्र एकमत नाही. एका पद्धतीने ५२ हजार वर्षे येतात, तर नंतरच्या दुसऱ्या पद्धतीने ५ लाख ७० हजार. आजीला हे दोन्ही आकडे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे तुमच्या पुस्तकांतही दोन पुराणं आहेत!"

आता मैत्रिणीच्या प्रश्नाकडे. पावसाचे पाणी आजूबाजूच्या खडकांच्या भेगांतून मुरते, आणि उल्केने जमिनीला जी भिंत पाडली तिच्यातून धारेच्या रूपाने बाहेर पडते. ते गोड लागते, पण अगदी शुद्ध नसते. खडकातले क्षार कणाकणाने विरघळवून ते आणते. ते आपल्या जिभेला कळत नाहीत इतकेच. खाली गेलेल्या पाण्याला बाहेर वाट नाही. सरोवरातून एकही ओढा निघत नाही. पाणी जाते ते फक्त वाफ होऊन, आणि वाफेबरोबर क्षार जात नाहीत. हजारो वर्षे हे चालले आहे. सोडा साचत गेला आणि पाणी नुसते खारट नव्हे, तर साबणासारखे बुळबुळीत झाले. याच खारासाठी पूर्वी लोणारचे नाव दूरवर माहीत होते.

याचा पुरावा मी शाळेत जाण्यापूर्वीच पाहिला होता, पण तो पुरावा आहे हे कळायला महाविद्यालयात यावे लागले. नवरात्रात आजीबरोबर कमळजादेवीला जात असे. ओटी भरून झाल्यावर आजी हळदीचे हात सरोवराच्या पाण्यात बुडवी आणि ते लालभडक होत. "देवीनं कुंकू केलं," ती म्हणे. हळद क्षाराने लाल होते. पापडखार आणि हळद एकत्र कालवून कोणीही घरी पाहावे.

खाली उतरायचे तर हिवाळ्यात, सकाळी लवकर आणि पायांत धड जोडे घालून. जालन्याहून सिंदखेडराजामार्गे किंवा मेहकरहून येता येते. धारेपासून पायवाट उतरते. वाटेत पडकी देवळे लागतात. त्यांची नावेही मोठी मौजेची आहेत : वाघ महादेव, मोर महादेव, मुंगळ्याचा महादेव! सीताफळी, चिंचा, मग वेडी बाभूळ, आणि शेवटी काहीच उगवत नाही असा चिखलाचा पट्टा. झाडे पाहूनच पाणी किती जवळ आले ते समजते. मोर तर पावलोपावली. थंडीत चक्रवाकाच्या जोड्या आणि लांब तांबड्या पायांच्या शेकाट्या दिसतात. २००० सालापासून हे अभयारण्य आहे. आंघोळीचा, पोहण्याचा विचार मनातही आणू नये.

गावातले दैत्यसूदनाचे देऊळ चुकवू नये. लवणासुराला मारणारा विष्णू तो हाच. आत छतावर कथा कोरल्या आहेत. मान दुखेपर्यंत पाहाव्यात. मे महिन्याच्या मध्यात काही दिवस सूर्यकिरण गाभाऱ्यातील मूर्तीवर पडतात. निजलेला मोठा मारुती आणि त्याच्या शेजारचे अंबर तळे वेळ उरल्यास पाहावे.

जून २०२० मध्ये सरोवर गुलाबी झाले आणि वर्तमानपत्रांत झळकले. गावात कोणी कोप म्हणाले, कोणी चमत्कार. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाणी तपासले. उन्हाने पाणी आटून खार वाढला आणि मिठात वाढणारे सूक्ष्मजीव फोफावले, असा उलगडा झाला. पावसाने रंग गेला. त्याच वर्षी सरोवर रामसर यादीत गेले.

आमच्या सहलीच्या वेळी अडचण नेमकी उलटी होती. पाणी चढले होते. कमळजादेवीकडची नेहमीची वाट पाण्याखाली गेली होती आणि आम्हाला अर्ध्यातून परतावे लागले. वाटले, पाणी वाढले तर चांगलेच की! आपल्या जिल्ह्यात पाण्याला कोण नाही म्हणतो? पण हे सरोवर पाण्यावर नव्हे, खारावर जगते. गोड पाणी फार झाले की खार पातळ होतो, आणि त्यातले जीव दुसऱ्या कुठल्या तळ्यात जाऊन राहू शकत नाहीत. गावातले सांडपाणी उतरले तर तेही त्यात भरच घालते. कडेवर उभे राहून यातले काहीच दिसत नाही. वरून पाणी नेहमीसारखेच हिरवे दिसते.

घरी गेल्यावर आजीला सांगितले, देवीच्या वाटेवर पाणी आले आहे. ती काही बोलली नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "पुढच्या वेळी जाशील तेव्हा चिमूटभर हळद घेऊन जा. लाल होते का बघ."