बर्फाला भोक, पाण्यात गळ

'गळ टाकून बसणे' हा वाक्प्रचार मराठीच्या तासाला निघाला, की मुले हटकून हसतात. त्यांच्या डोळ्यांसमोर नदीकाठी पेंगणारा एखादा निरुद्योगी गृहस्थ उभा राहतो. मीही वर्षानुवर्षे तेच चित्र मनात ठेवून शिकवीत आलो. मागच्या हिवाळ्यात रजा काढून धाकट्या बहिणीकडे अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात गेलो आणि या वाक्प्रचारातला 'बसणे' हा शब्द किती फसवा आहे, ते तिथे कळले. तिथली माणसे गोठलेल्या तळ्यावर चालत जातात, बर्फाला भोक पाडतात आणि त्या भोकातून गळ सोडून मासे धरतात. बसतात खरी, पण त्यांचा हात काही स्वस्थ बसत नाही.

वाचकांना पहिली शंका येईल ती अशी, की तळे गोठल्यावर मासे जगतात कसे? पाणी सर्वांत जड असते ते ४ अंश सेल्सिअसला. त्याहून थंड झाले, की ते हलके होऊन वर येते आणि वरच गोठते. बर्फ पाण्यावर तरंगतो, त्याची जणू गोधडीच तळ्यावर पसरते आणि तळाशी ४ अंशांच्या आसपासचे पाणी शिल्लक राहते. त्या पाण्यात मासे जिवंत असतात, पण अंगातली सारी कामे मंदावलेली. भूक थोडी, धावपळ त्याहून थोडी. अशा सुस्त जिवाला आपल्या गळाशी बोलावून आणायचे, हीच या विद्येतली मेख.

माझ्या बहिणीच्या शेजारी एक निवृत्त सुतार राहतात. त्यांनी मला आणि माझ्या अकरा वर्षांच्या भाच्याला शिष्य करून घेतले. त्यांची हत्यारे पाहून मला घरच्यासारखे वाटले. बर्फ चाचपायला पहार, भोक पाडायला हातभर पात्याचे गिरमिट आणि भोकातला बर्फाचा चुरा काढायला चक्क झारा! काठी मात्र जेमतेम अडीच फुटांची. पाणी पायाशीच असताना लांब काठी घेऊन करायचे काय?

दोऱ्याच्या टोकाला असतो तो 'जिग'. जिग म्हणजे धातूचा लहानसा गोळा किंवा पत्रा जडवलेला गळ. तो नुसता टांगायचा नसतो, नाचवायचा असतो. माशाच्या कुशीवरून एक संवेदनरेषा गेलेली असते. पाण्यातली बारीक थरथरही तिला जाणवते. ही युक्ती आजची नव्हे. या प्रदेशातले मूळचे ओजिब्वे लोक लाकडाचा मासा कोरून बर्फाखाली हलवीत आणि जवळ आलेल्या माशाला भाल्याने टिपीत.

आमचा पहिला धडा 'पॅनफिश'चा. तव्यात मावतील एवढे लहान मासे, म्हणून हे नाव. ब्लूगिल, क्रॅपी, पर्च ही त्यातली मंडळी. ब्लूगिलचे तोंड इवलेसे. तो आमिष चावत नाही, पाण्याबरोबर ओढून घेतो आणि न आवडल्यास तितक्याच चटकन थुंकतो. म्हणून जिग मुगाच्या दाण्याएवढा हवा. त्यावर मेणपतंगाची एक अळी लावायची. हाताने उड्या मारायच्या नाहीत. पेन्सिल थरथरावी एवढेच कंपन द्यायचे आणि मग थांबायचे. काठीच्या टोकाला बारीक स्प्रिंग असते. ती जराशी वाकली किंवा उलट किंचित वर आली, तरी मासा आला असे समजायचे. क्रॅपीची तऱ्हा निराळी. त्याची नजर वर लागलेली असते आणि तो खालून येऊन आमिष घेतो. म्हणून जिग त्याच्या डोक्याच्या जरा वरच ठेवावा. खाली गेला, तर तो ढुंकून पाहत नाही.

दुसरा धडा वॉलआयचा, म्हणजे मिनेसोटाच्या राज्यमत्स्याचा. त्यासाठी आम्ही मिल लॅक्स या तळ्यावर गेलो. तळे म्हणायचे एवढेच. विस्तार ५०० चौरस किलोमीटरांहून अधिक, खोली मात्र कुठेही ४५ फूट नाही. वॉलआयच्या डोळ्यात मांजरासारखा चकाकणारा पडदा असतो. संधिप्रकाशात त्याला दिसते, त्याच्या भक्ष्याला नीटसे दिसत नाही. म्हणून दिवेलागणीची वेळ त्याची. त्याच्यासाठी चमच्यासारखा चकचकीत जिग घेऊन गळाला छोट्या माशाचे डोके लावतात. तो फूटभर झटक्याने उचलायचा, डोलत खाली येऊ द्यायचा, मधूनच तळावर आपटून थोडा गाळ उडवायचा. त्या हालचालीने मासा लांबून येतो. पण येऊन तो नुसता पाहत राहतो. घेतो केव्हा? बहुधा जिग थांबल्यावर! हिवाळ्यात तिथे दोन दोऱ्यांची परवानगी असते. पुष्कळजण एका दोरीने मासा बोलावतात आणि शेजारच्या निश्चल दोरीवर तो धरतात.

"मामा, हलवणं सोपं आहे, थांबणंच कठीण!" भाचा म्हणाला. पोराने सारे शास्त्र एका वाक्यात सांगितले.

हे थांबणे गळापुरतेच नाही. ३० फुटांहून अधिक खोलातून मासा वर ओढला, की त्याच्या पोटातली हवेची पिशवी फुगते. मग सोडून दिला तरी तो सहसा जगत नाही. तेव्हा हवे तेवढे मासे झाले, की खोल पाण्यातून उठावे. ब्लूगिलचे मोठे नर घरट्यांची राखण करतात. तेच उचलले, तर तळ्यात खुरटे मासे उरतात. म्हणून काही तळ्यांवर राज्याच्या खात्याने दरडोई मर्यादा पाच किंवा दहावर आणली आहे. मिल लॅक्सवर तर २०१६ साली मोकळ्या पाण्याच्या हंगामात धरलेला प्रत्येक वॉलआय परत सोडावा लागत असे. शिशाचे जिगही जाणते लोक टाळतात, कारण लून हा तिथला राज्यपक्षी ते खड्यांबरोबर गिळतो आणि विषबाधेने मरतो.

आणि सर्वांत मोठे थांबणे बर्फाच्या काठावरचे. स्वच्छ, काळसर बर्फ चार इंच असल्याशिवाय माणसाने पाऊल टाकू नये. पांढऱ्या बर्फाची ताकद त्याच्या निम्मीच धरतात. एका शनिवारी आम्ही एका नव्या तळ्यावर गेलो. भाचा आठवडाभर दिवस मोजत होता. सुतारबाबा पुढे, दर चार पावलांना पहारीचा घाव. ओढा तळ्याला मिळतो त्या बाजूला दुसऱ्याच घावाला पहार आरपार गेली आणि पाणी वर आले. वाहत्या पाण्यावर बर्फ पातळच राहतो. म्हातारा जागच्या जागी थबकला आणि "परत!" एवढेच म्हणाला.

भाच्याचे डोळे भरले. "पण तिकडे पलीकडे माणसं बसली आहेत!"

"ती कुठल्या वाटेने गेली, ते मला ठाऊक नाही. ही वाट मात्र मला आता ठाऊक झाली आहे," म्हातारा शांतपणे म्हणाला. आम्ही आलो त्याच पावलांवरून मागे फिरलो.

२०२३ च्या २९ डिसेंबरला त्याच राज्यातल्या अपर रेड लेकवर बर्फाचा मोठा तुकडा सुटला आणि शंभराहून अधिक माणसे पाण्यावर तरंगत राहिली. सुदैवाने सारी वाचली. त्यातली कित्येकजण मुरलेले मासेमार असतील. बर्फ कुणाचा अनुभव विचारीत नाही. बाजारात आता माशाची हालचाल पडद्यावर दाखविणारी यंत्रे मिळतात. ती जिगजवळ आलेला मासा दाखवितात. परत फिरायची वेळ मात्र दाखवीत नाहीत. ती ज्याची त्यालाच ओळखावी लागते, आणि ज्याच्याबरोबर लहान मूल आहे त्याने तर ती थोडी आधीच ओळखावी.