बोटीचा पाइप आणि कात्रजचा नळ

कात्रजच्या घाटात गाडी गरम झाली, रेडिएटरचा होज फाटला, की माणूस खाली उतरून पहिलं गॅरेज शोधतो. तशाच एका ओळखीच्या गॅरेजात मी मे महिन्यात मनगटाहून जाड, हातभर लांब काळा रबरी पाइप काखेत मारून गेलो. मिस्त्रींनी तो उलटसुलट केला, दाबून पाहिला. "साहेब, पाइप तर चांगला आहे. बदलायचाच असेल तर ट्रकच्या रेडिएटरचा बसवून देतो. जुबली क्लिप मारली की विषय संपला."

पाइप बोटीच्या एक्झॉस्टचा होता. चौघा मित्रांनी मिळून घेतलेली आमची जुनी मोटरबोट रेवदंड्याच्या खाडीत उभी असते आणि तिचं दुखणंखुपणं मात्र कात्रजला येतं. मिस्त्रींच्या त्या तीन वाक्यांत तीन गैरसमज होते. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. वर्षभरापूर्वी मीही हेच म्हणालो असतो.

मुळात धुराला रबराचा पाइप, हेच पटत नाही. गाडीचा सायलेन्सर लोखंडी असतो, हात लागला तर फोड येतो. मग बोटीत रबर वितळत नाही कसं? कारण बोटीत धूर एकटा जात नाही. इंजिनाला जोडलेला एक पंप समुद्राचं पाणी आत ओढतो, ते इंजिनाची उष्णता घेतं आणि शेवटी धुराच्या वाटेवरच्या एका लोखंडी कोपरात सोडलं जातं. कित्येकशे अंशांचा धूर तिथे पाण्यात मिसळतो आणि एकदम थंडावतो. त्याच्या पुढचा रबरी पाइप धूर आणि पाणी दोन्ही वाहून नेतो. बोटीच्या मागून पाण्याचे लोट पडताना दिसतात ते हेच.

म्हणजे हा पाइप टिकतो तो पाण्याच्या जिवावर. पंपातलं रबरी चक्र, म्हणजे इम्पेलर, तुटलं किंवा पाणी ओढण्याच्या तोंडाशी प्लास्टिकची पिशवी बसली (आपल्या खाड्यांत याची वाट फार पाहावी लागत नाही), की कोरडा धूर सरळ रबरावर येतो. रेडिएटरचा होज इथेच नापास होतो. तो उकळत्या पाण्यासाठी केलेला असतो, आगीच्या धुरासाठी नाही. बोटीच्या एक्झॉस्टसाठीच्या होजचं मानक वेगळं आहे, एसएई जे२००६. पाणी पूर्ण बंद झाल्यावरही अशा पाइपाने दोन मिनिटं तग धरावा अशी त्यात अपेक्षा असते. दोन मिनिटं म्हणजे अलार्म ऐकून इंजिन बंद करायला लागणारा वेळ, त्याहून जास्त नाही. मानकाचं नाव पाइपावर छापलेलं असतं. छापलेलं नसेल तर दुकानदार काहीही म्हणो, पाइप परत ठेवावा.

आता "पाइप तर चांगला आहे" याबद्दल. आदल्या हंगामात आमची बोट वेग घेईना. काळा धूर, इंजिन दमल्यासारखं. डिझेलचा फिल्टर बदलला, मग इंजेक्टर काढून पुण्याला आणले, तपासून घेतले, पैसे मोजले. फरक शून्य. आम्हा चौघांत तोवर दोन पक्ष पडले होते. शेवटी एका जाणत्या खलाशाने पाइपाकडे बोट दाखवलं, तेव्हा तो काढून मी कात्रजला आणला. मिस्त्री म्हणाले चांगला आहे. मी म्हटलं, उभा चिरा. त्यांनी पटाशीसारखं पातं घालून तो लांबीत चिरला, आणि आतून रबराची एक जीभ लोंबत बाहेर आली. आतला थर सुटून निम्मी वाट अडवून बसला होता. धुराला बाहेर पडायला जागा नाही तर इंजिनाला श्वास कुठून मिळणार?

हा पाइप बाहेरून नव्हे, आतून म्हातारा होतो. उष्णता, खारं पाणी, धुरातला तेलकटपणा यांचा मारा आतल्या बाजूवर असतो. मध्ये गुंडाळलेली पोलादी तार टोकाशी कापलेल्या जागी पाणी पिते, गंजते, फुगते. बाहेरचं काळं कातडं मात्र तुकतुकीत राहतं. म्हणून तपासायचा तर एक टोक सोडवून टॉर्चने आत पाहायचं आणि अंगठ्याने दाबत पूर्ण लांबी चाचपायची. मऊ, फुगीर, कुरकुरीत किंवा लाकडासारखी कडक जागा लागली की त्याचं आयुष्य संपलं. गंजाचे ओघळ बाहेर दिसू लागले असतील तर आणखी तपासायलाही नको.

"बोट फारशी वापरलीच नाही" हा युक्तिवाद मी स्वतः करून पाहिला आहे. पण आपल्याकडे पावसाळ्यात हौशी बोटी बाहेर काढून ठेवतात आणि त्या चार महिन्यांत पाइप आत खारट ओल धरून तसाच पडतो. रबर तेव्हाही म्हातारं होतच असतं. बसवल्याचं वर्ष पाइपावरच रंगाने लिहून ठेवावं.

सगळ्यात घातक गैरसमज मात्र धुराविषयीचा आहे. पाइप गळाला तर वास येईल, कळेल, असं वाटतं. डिझेलच्या धुराला वास असतो हे खरं, पण त्यातला कार्बन मोनॉक्साइड रंगहीन आणि गंधहीन असतो. पेट्रोल इंजिनात तो डिझेलपेक्षा कितीतरी जास्त तयार होतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेपटींहून जास्त घट्ट चिकटतो. तो जड असतो, तळाला बसतो, हेही खोटं; त्याचं वजन जवळपास हवेइतकंच, किंचित कमी, त्यामुळे केबिनभर पसरतो. लक्षणं कोणती? डोकं दुखणं, गरगरणं, मळमळ. म्हणजे आपण ज्याला "बोट लागली" म्हणतो तेच! आवळासुपारी देऊन माणसाला केबिनमध्ये आडवं करतात, आणि नेमकं तिथेच त्याला ठेवायचं नसतं. एकाच वेळी दोघातिघांना बोट लागली आणि बाहेर वाऱ्यावर आणल्यावर बरं वाटलं, तर समुद्राला दोष देण्याआधी इंजिनाचं झाकण उघडावं. बंद केबिन असेल तर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बसवावाच.

धूर राहू द्या, पाइप निसटला तर पाणीही आत येतं. इंजिन चालू असेपर्यंत पंप समुद्र उपसून बोटीच्या पोटात ओतत राहतो. म्हणून जुबली क्लिप एक नव्हे, प्रत्येक टोकाला दोन लागतात, पूर्ण स्टेनलेस स्टीलच्या, निदान अर्धा इंच रुंद. गाडीच्या होजला एक पुरते. गाडी बुडत नाही.

"जागा असेल तसा पाइप फिरवला तरी चालतो" असं म्हणणाऱ्याला मी आमच्या कात्रजचं उदाहरण देतो. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७५०च्या सुमारास, इथे तलाव बांधून बंदिस्त नळातून पाणी थेट शनिवारवाड्यापर्यंत नेलं. पंप नव्हता, सगळी करामत उताराची. वाटेत हवेसाठी जागोजागी उच्छ्वास बांधले. बोटीचा हिशेबही तोच आहे. एक्झॉस्टचा पाइप बाहेरच्या तोंडाकडे सतत उतरता हवा, दर फुटाला निदान अर्धा इंच. मध्ये झोळ पडला की तिथे पाणी साचतं. इंजिन पाण्याच्या पातळीखाली असेल तर गाठ आणखी अवघड होते: इंजिन बंद असतानाही समुद्राचं पाणी वक्रनलिकेच्या तत्त्वाने आत झिरपत राहतं आणि सिलिंडरपर्यंत पोचतं. पाणी दाबलं जात नाही. स्टार्टर मारला की वाकतो तो कनेक्टिंग रॉड. ते टाळायला पाण्याच्या नळीचा उंच वळसा काढून त्यावर हवेची झडप बसवतात, अगदी उच्छ्वासासारखी. ती मिठाने बंद पडते, म्हणून पाइप बदलताना तीही धुऊन घ्यावी.

धरणावर दिसणाऱ्या, मागे इंजिन टांगलेल्या बोटींना यातलं बहुतेक लागू नाही. आउटबोर्डचा धूर सहसा त्याच्या पायातून, पंख्याच्या मधून पाण्याखाली जातो.

बदलणं तसं अवघड काम नाही. जुना पाइप पिरगाळून उपटू नये, लोखंडी कोपर तुटतो; चिरून काढावा. कोपर आतून कुजलाय का तेही तेव्हाच बघून घ्यावं. नव्याचं माप आतल्या व्यासाचं घ्यायचं, आणि चढवताना साबणाचं पाणी लावायचं. ग्रीस नको, तेल तर नकोच. पाइप जळला असेल तर आधी इम्पेलर उघडावा आणि त्याच्या तुटलेल्या पाकळ्या मोजाव्यात. आमच्या दोन कमी होत्या. एक नळीत मिळाली. दुसरी शोधायला हीट एक्स्चेंजर खोलावा लागला, आणि त्यात माझा अख्खा रविवार गेला.

नवा पाइप मुंबईहून मागवला. बसवून, इंजिन अर्धा तास चालवून, गार झाल्यावर क्लिपा पुन्हा अर्धा आटा आवळल्या. जुन्याचा चिरलेला तुकडा मिस्त्रींनी ठेवून घेतला. तो गॅरेजात खिळ्याला लटकतोय, जिभेसकट.