बालसंधिवात आणि प्रौढ आरोग्यसेवेकडे संक्रमण

बालसंधिवात असलेल्या मुलामुलींचे उपचार बालरोग विभागाकडून प्रौढांच्या संधिवात विभागाकडे नियोजनपूर्वक सोपवण्याच्या प्रक्रियेस संक्रमण सेवा असे म्हणतात. हस्तांतरण म्हणजे कागदपत्रे एका विभागातून दुसऱ्या विभागात जाणे. संक्रमण मात्र किशोरवयाच्या आरंभी सुरू होते आणि रुग्ण नव्या विभागात स्थिरावल्यावरच पूर्ण होते.

आजाराचे स्वरूप

वयाच्या १६व्या वाढदिवसापूर्वी सुरू होणाऱ्या, किमान ६ आठवडे टिकणाऱ्या आणि अन्य कारण न सापडणाऱ्या सांधेदाहास ज्युव्हेनाइल इडिओपॅथिक आर्थ्रायटिस ही वैद्यकीय संज्ञा आहे. संधिवात हा उतारवयाचा आजार आहे, असा सर्वसाधारण समज असला तरी तो अगदी लहान मुलांनाही होतो. काहींचा आजार मोठेपणी शमतो. अनेकांना मात्र प्रौढपणीही उपचार किंवा देखरेख लागते.

संक्रमणाची गरज

बालपणी तपासणीच्या तारखा आणि औषधांच्या वेळा पालक सांभाळतात. प्रौढ विभागात ही जबाबदारी रुग्णावर येते. याच सुमारास महाविद्यालय, नोकरी किंवा परगावी वास्तव्य सुरू होते. पूर्वतयारी नसल्यास तपासण्या चुकतात आणि औषधे परस्पर बंद केली जातात. दाह अनियंत्रित राहिल्यास सांध्यांची कायमची हानी होऊ शकते. काही रुग्णांच्या डोळ्यांच्या आतील भागातही दाह होतो. तो बहुधा लाली वा वेदनेवाचून वाढतो व स्लिट लॅम्प तपासणीतच आढळतो. त्यावर वेळीच उपचार न झाल्यास मोतीबिंदू, काचबिंदू किंवा अंधत्व येऊ शकते. त्यामुळे काहीच त्रास जाणवत नसलेल्या तरुणानेही तपासणी सोडणे धोक्याचे ठरते.

पूर्वतयारी

आजाराचे व औषधांचे नाव सांगता येणे, तपासणीची वेळ स्वतः ठरवणे आणि भेटीचा काही भाग पालकांविना डॉक्टरांशी बोलणे, ही कौशल्ये टप्प्याटप्प्याने शिकवली जातात. औषधांविषयीची माहिती विशेष महत्त्वाची असते. उदाहरणार्थ, या आजारात मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. चुकून रोज घेतल्यास ते प्राणघातक ठरू शकते. मद्यपानाने यकृतावरील त्याचा दुष्परिणाम वाढू शकतो, तसेच ते गर्भास अपायकारक आहे. हे पालकांनी जाणणे पुरेसे नसते. स्वतः रुग्णाला ते ठाऊक असावे लागते.

ब्रिटनमधील अनुभव

ब्रिटनमधील १० केंद्रांत बालसंधिवात असलेल्या ११, १४ आणि १७ वर्षांच्या मुलामुलींसाठी संक्रमण कार्यक्रम राबवण्यात आला. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सहभागी मुलांच्या जीवनमानात आणि आजाराविषयीच्या ज्ञानात सुधारणा दिसली. त्या देशातील नाइस या संस्थेने २०१६ मध्ये सर्वच आजारांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांनुसार नियोजन उशिरात उशिरा १३-१४व्या वर्षी सुरू व्हावे, हस्तांतरणापूर्वी रुग्णाची प्रौढ विभागातील डॉक्टर वा परिचारिकेशी भेट व्हावी आणि हस्तांतरणाच्या आधी व नंतर किमान ६ महिने एका नेमलेल्या व्यक्तीने त्याला साहाय्य करावे.

पालकांची भूमिका

संक्रमण म्हणजे पालकांना दूर सारणे नव्हे. निर्णय घेणाऱ्याच्या भूमिकेतून ते हळूहळू सल्लागाराच्या भूमिकेत येतात. हस्तांतरणाची वेळ केवळ वयावरून न ठरवता रुग्णाची तयारी व आजाराची स्थिती पाहून ठरवणे इष्ट मानले जाते.