मालिकांमधील न्यायालय आणि आपले न्यायालय

दूरचित्रवाणीवरील मालिकांना न्यायालयाचे मोठे आकर्षण आहे. स्टार प्रवाह वाहिनीवरील ‘ठरलं तर मग’ या मालिकेचा नायक वकील आहे आणि आश्रम चालविणाऱ्या मधुभाऊंवरील खुनाचा आरोप हा तिच्या कथानकाचा कणा आहे. त्यापूर्वी २०१० मध्ये सोनी वाहिनीवर सुरू झालेल्या ‘अदालत’ या हिंदी मालिकेने के. डी. पाठक हा कधीही न हरणारा वकील घरोघरी पोहोचविला. सासू-सुनांच्या मालिकांतही वारस, इस्टेट किंवा चारित्र्य यांपैकी कशाचा तरी वाद अखेरीस न्यायालयात जातोच. मनोरंजन म्हणून त्याविषयी आमची तक्रार नाही. परंतु वसतिगृहात राहणाऱ्या आमच्या बहुसंख्य विद्यार्थ्यांनी न्यायालयाची पायरी चढण्यापूर्वी न्यायालय पाहिलेले असते ते केवळ पडद्यावर, आणि यांपैकी अनेकांच्या कुटुंबांवर फिर्यादी किंवा साक्षीदार म्हणून खऱ्या न्यायालयात उभे राहण्याची वेळ आजही येते. म्हणून या मालिका न्यायालयाचे जे चित्र उभे करतात ते कितपत खरे आहे, याची तपासणी शिक्षकांनी करणे अगत्याचे वाटते.

बाह्य गोष्टी प्रथम बाजूला सारू. भारतातील न्यायाधीश मेजावर लाकडी हातोडा आपटत नाहीत. तो परदेशी चित्रपटांतून आपल्या पडद्यावर आला. वकील न्यायालयभर येरझारा घालीत, साक्षीदाराच्या पिंजऱ्यावर हात टेकून बोलत नाहीत; आपल्या जागी उभे राहून बोलतात. ‘मिलॉर्ड’ हे संबोधन टाळावे असे बार कौन्सिल ऑफ इंडियाने २००६ मध्येच ठरविले असून आपल्या तालुका न्यायालयांत ‘साहेब’ हाच शब्द चालतो. या चुका निरुपद्रवी आहेत.

शपथेची गोष्ट मात्र निरुपद्रवी नाही. लाल कापडात बांधलेला ग्रंथ पुढे येतो, साक्षीदार त्यावर हात ठेवतो आणि ‘गीतेवर हात ठेवून’ खरे बोलण्याची शपथ घेतो, हे दृश्य इतक्या वेळा दाखविले गेले आहे की शिकलेली माणसेही ते कायद्यातील कलम समजतात. वस्तुस्थिती अशी की १९६९ च्या शपथ अधिनियमात कोणत्याही धर्मग्रंथाला स्थान नाही. साक्षीदाराने एकतर ईश्वराला स्मरून शपथ घ्यावी किंवा गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करावी, असे दोन पर्याय कायदा देतो आणि दोहोंचे मोल सारखेच मानतो. संविधानाच्या तिसऱ्या अनुसूचीतही मंत्री, खासदार आणि न्यायाधीश यांच्यासाठी हेच दोन पर्याय आहेत. ईश्वर न मानणाऱ्या बौद्धाला न्यायालयात आपल्या विवेकाशी प्रतारणा करावी लागत नाही. ‘मी प्रतिज्ञेवर सांगतो’ एवढे म्हणणे पुरेसे असते. ही एक ओळ आमच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असावी, कारण पडद्यावरील लाल कापडाने त्याला नेमके उलटे शिकविलेले आहे.

आता खटल्याच्या गाभ्याकडे वळू. मालिकेतील खटल्यात सत्य दाराआडून येते. निकाल लागणार इतक्यात दार उघडते, एखादा साक्षीदार किंवा चित्रफीत प्रकट होते, खलनायिकेचा चेहरा तीन बाजूंनी दाखविला जातो आणि भाग संपतो. खऱ्या फौजदारी खटल्यात असा चमत्कार क्वचितच संभवतो. पोलीस दोषारोपपत्र दाखल करतात तेव्हा त्यासोबत साक्षीदारांची यादी, त्यांचे जबाब, पंचनामे, वैद्यकीय दाखले जोडावे लागतात आणि या सर्वांच्या प्रती आरोपीला विनामूल्य द्याव्या लागतात. आपल्याविरुद्ध काय पुरावा आहे हे आरोपीला आधीच कळले पाहिजे, हे न्यायाचे तत्त्व आहे. मालिका ज्याला रहस्य म्हणते त्याला कायदा अन्याय म्हणेल.

दुसरी गल्लत वकिलांविषयीची. मालिकेत खुनाच्या खटल्यातही एक वकील ‘आपला’ आणि दुसरा ‘त्यांचा’ असतो. प्रत्यक्षात फौजदारी खटला हा शासन विरुद्ध आरोपी असा असतो आणि तो सरकारी अभियोक्ता चालवितो. पीडित कुटुंबाने नेमलेला वकील त्याला साहाय्य करू शकतो, लेखी युक्तिवाद देऊ शकतो. परंतु सूत्रे सरकारी अभियोक्त्याच्या हाती असतात. हे ठाऊक नसलेली कुटुंबे चांगला वकील मिळवून देण्याच्या आश्वासनावर पैसे गमावतात आणि ज्या सरकारी अभियोक्त्याला भेटायला हवे त्याला शेवटपर्यंत भेटत नाहीत.

तिसरी, आणि आमच्या मते सर्वांत घातक गल्लत, साक्षीविषयीची आहे. मालिकेतील साक्षीदार तिसऱ्या प्रश्नाला घाम पुसतो आणि चौथ्या प्रश्नाला रडत गुन्हा कबूल करतो. खरी साक्ष ही अतिशय सावकाश चालणारी गोष्ट आहे. पट्टेवाला नावाचा पुकारा करतो. सरतपासणीत साक्षीदाराने घडलेली हकीकत स्वतःच्या शब्दांत सांगायची असते. त्याच्या तोंडी उत्तर घालणारे सूचक प्रश्न त्या वेळी विचारता येत नाहीत. न्यायाधीश एकेक वाक्य सांगत जातात, ते टंकलिखित होते. मग उलटतपासणी. तीत गर्जना नसते, बारीकसारीक प्रश्न असतात. दिवा कोणत्या बाजूला होता? विहिरीपासून घर किती पावलांवर? पोलिसांना जबाब देताना हे का सांगितले नाही? अखेरीस आरोपीचे वकील आपले म्हणणे एकेक करून साक्षीदारापुढे ठेवतात आणि ‘हे म्हणणे खरे नाही की…’ अशी वाक्ये कागदावर ओळीने उतरत जातात. शेवटी जबाब वाचून दाखविला जातो आणि साक्षीदार सही करतो किंवा अंगठा उठवितो. चार वर्षांपूर्वीच्या रात्रीविषयी विचारले असता ‘आठवत नाही’ असे उत्तर देणे हा गुन्हा नाही, लाजिरवाणेही नाही. अपमान करण्याच्या किंवा छळण्याच्या हेतूने विचारलेले प्रश्न न्यायाधीशांनी रोखावेत, असा कायद्याचा दंडक आहे. मालिका पाहून आलेली बाई मात्र वकिलाच्या पहिल्याच प्रश्नाने धास्तावते, कारण आता आपण कोसळणार हे तिने शंभर वेळा पाहिलेले असते.

घटस्फोटाचे प्रसंगही असेच. नवरा मेजावर कागद टाकतो, बायको डोळे पुसत सही करते आणि नाते संपते. हिंदू विवाह अधिनियम, १९५५ बौद्धांनाही लागू आहे. त्यानुसार परस्परसंमतीने अर्ज करण्यापूर्वी वर्षभर विभक्त राहिलेले असावे लागते, अर्जानंतर सामान्यतः सहा महिने थांबावे लागते आणि विवाह संपतो तो न्यायालयाच्या हुकूमनाम्याने, सहीने नव्हे. कोणी घरात कागदावर सही घेऊन ‘तू आता मोकळी’ असे सांगितले, तर कायद्याने ती पत्नीच असते आणि पोटगीचा तिचा हक्क त्या कागदाने बुडत नाही.

खरा खटला कसा चालतो याचे उदाहरण शोधण्यास आपल्याला दूर जावयाचे कारण नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले, हे प्रत्येक मूल जाणते. त्यानंतरचा खटला मात्र आपल्या भाषणांत फारसा येत नाही. बाबासाहेब आणि त्यांचे सहकारी यांच्याविरुद्ध महाडच्या स्पृश्यांनी डिसेंबर १९२७ मध्ये दिवाणी दावा दाखल केला आणि १४ डिसेंबरला तात्पुरता मनाई हुकूम मिळविला. २५ डिसेंबरच्या परिषदेसाठी हजारो लोक महाडला जमले होते, सत्याग्रहासाठी सिद्ध होते. मालिकेच्या लेखकाने येथे नायकाला हुकूम फाडावयास लावले असते. बाबासाहेब स्वतः कायदेपंडित होते. त्यांनी जनसमुदायाला न्यायालयाचा हुकूम पाळण्यास सांगितले, तळ्यावरील सत्याग्रह तहकूब केला आणि त्याच परिषदेत मनुस्मृतीचे दहन झाले.

पुढे फेब्रुवारी १९२८ मध्ये मनाई हुकूम उठला. दाव्याचा निकाल ८ जून १९३१ रोजी लागला, तो बाबासाहेबांच्या बाजूने. प्रतिपक्षाने ठाण्याच्या जिल्हा न्यायालयात अपील केले. ते जानेवारी १९३३ मध्ये फेटाळले गेले. मग मुंबई उच्च न्यायालय. तेथील निकाल १७ मार्च १९३७ चा आहे. ओंजळभर पाण्यासाठी नऊ वर्षांहून अधिक काळ लागला, आणि या काळात बाबासाहेब गोलमेज परिषदांना गेले, पुणे करार झाला, येवल्याची घोषणा झाली. तरी दावा सोडला नाही, एकतर्फी होऊ दिला नाही.

हा खटला कशावर ठरला, हे इतिहासाचे अभ्यासक म्हणून आम्हांस विशेष महत्त्वाचे वाटते. माणुसकीच्या आवाहनावर तो ठरला नाही. तळे खाजगी की नगरपालिकेच्या मालकीचे, हा एक प्रश्न होता. अस्पृश्यांना पाणी न भरू देण्याची रूढी अनादी काळापासून अखंड चालत आली आहे, हे सिद्ध करण्याची जबाबदारी कोणाची, हा दुसरा. ती जबाबदारी वादींची ठरली आणि ती त्यांना पार पाडता आली नाही. तळ्याभोवती सवर्णांची घरे होण्यापूर्वी त्या पाण्यावर कोणी एकट्याचा हक्क सांगितला असेल का, असा रास्त संशय न्यायालयाने व्यक्त केला. ज्या रूढीला धर्माचा आधार सांगितला जात होता ती पुराव्याच्या तराजूत टिकली नाही. नगरपालिकेची दप्तरे, जुने कागद, तोंडी साक्षी आणि सिद्धतेचा भार कोणावर याची अचूक जाण, ही त्या विजयाची साधने होत. चित्रीकरणाच्या दृष्टीने यात काहीच नाही, हे आम्ही मान्य करतो.

पडद्यावर खरे न्यायालय दाखविताच येत नाही असे मात्र नाही. चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ हा २०१४ चा मराठी चित्रपट याची साक्ष देतो. वीरा साथीदार या नागपूरच्या आंबेडकरी कार्यकर्त्याने त्यात लोकशाहीर नारायण कांबळेची भूमिका केली होती. त्यातील सरकारी वकील कंटाळवाण्या स्वरात कलमे वाचते, न्यायाधीश पुढची तारीख देतात, आणि प्रेक्षकाच्या अंगावर काटा येतो तो या शांततेमुळे. या चित्रपटास सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. रोज वीस-बावीस मिनिटे भरणाऱ्या मालिकेकडून तेवढ्या संयमाची अपेक्षा कदाचित गैर ठरेल. तथापि मालिकांतील कज्जे कोणाचे असतात, हे विचारणे गैर नाही. हवेलीचा, कंपनीचा, हरवलेल्या वारसाचा कज्जा आम्ही अनेकदा पाहिला. गायरानाचा, पाणवठ्याचा, मिरवणुकीवरील दगडफेकीचा कज्जा आमच्या पाहण्यात आलेला नाही. मालिकांच्या पदरी एक पुण्य अवश्य टाकू: काळा कोट घातलेली, ठामपणे बोलणारी स्त्री त्यांनी नित्याची करून टाकली. आमच्या मुलींपैकी काही वकील व्हावयाचे म्हणतात, त्यात या पडद्याचा वाटा आहे.

खर्डा येथे २०१४ मध्ये झालेल्या दलित शाळकरी मुलाच्या हत्येचा खटला सर्वांना आठवत असेल. २०१७ मध्ये सत्र न्यायालयातून आरोपी निर्दोष सुटले. अनेक साक्षीदार फितूर झाले होते. मालिकेत साक्षीदार फितूर होतो तो नोटांच्या बॅगेमुळे. गावात त्याला बॅगेची गरज नसते. रोजगार त्याच शेतावर, दळण त्याच गिरणीत, आणि तारखा मागून तारखा पडत असताना जगावयाचे त्याच शेजारात. म्हणूनच २०१५ च्या दुरुस्तीने अत्याचार प्रतिबंधक कायद्यात पीडित आणि साक्षीदार यांच्या हक्कांचे १५ अ हे स्वतंत्र कलम घातले गेले. जामिनाच्या सुनावणीची सूचना मिळण्याचा आणि तेथे आपले म्हणणे मांडण्याचा हक्क त्यात आहे, संरक्षणाचा हक्क आहे. १९९५ च्या नियमांनुसार साक्षीस येण्याचा प्रवासखर्च, दैनिक भत्ता आणि आहारखर्च मिळतो. दोषारोपपत्रानंतर शक्यतो दोन महिन्यांत खटला निकाली काढावा, असेही हा कायदा सांगतो. हे शब्द कागदावरच राहतात, कारण मागणाराच त्यांना ओळखत नाही. मोलमजुरी बुडवून, पदरच्या पैशाने तारखेला जाणाऱ्या आमच्या पालकांपैकी किती जणांनी हा भत्ता मागितला आहे?

अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना आणि सर्व स्त्रियांना, उत्पन्नाची अट न लावता, विनामूल्य वकील मिळतो. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाचे बारावे कलम तसे सांगते. तालुका न्यायालयाच्या आवारातच विधी सेवा समितीचे कार्यालय असते. फोन करावयाचा तर १५१०० हा क्रमांक आहे. प्रथम खबरीची प्रत फिर्यादीस विनामूल्य मिळते. ती मागून घ्यावी, जपून ठेवावी.

आणि न्यायालय पाहावयाचे असेल तर तिकीट लागत नाही. काही नाजूक प्रकरणे वगळता आपल्या देशातील सुनावणी खुल्या न्यायालयात होते. नववी-दहावीच्या मुलामुलींना शिक्षकांसोबत मागच्या बाकावर शांतपणे बसता येईल. सकाळी अकराच्या सुमारास बोर्डावर दिवसाच्या प्रकरणांची यादी लागलेली असते. पुकारा होतो, एक म्हातारा टोपी काढून उभा राहतो, त्याचे वकील दुसऱ्या न्यायालयात अडकलेले असतात, न्यायाधीश पुढची तारीख देतात, लिपिक रोजनाम्यात दोन ओळी लिहितो आणि पुढचे नाव पुकारले जाते.