मंचावर हरवणारी गिटार : रॉकचा भरदार ध्वनी अ‍ॅम्पवर कसा साधावा?

सिल्वासा : गणेशोत्सवातील वाद्यवृंदासाठी विद्युत गिटार हाती घेणाऱ्या तरुणांची तक्रार बहुधा एकच असते. खोलीत दणदणीत वाटणारी गिटार मंचावर ऐकूच येत नाही. ढोलकी, ऑक्टोपॅड आणि कीबोर्डच्या गर्दीत ती हरवते. दोष बोटांचा कमी, अ‍ॅम्पच्या नॉबचा अधिक.

हा ध्वनी जन्मला कसा, हे कळले की उपाय सापडतो. लंडनच्या हॅनवेल भागात वाद्यांचे दुकान चालवणारे ड्रमवादक जिम मार्शल यांनी १९६२ साली सहकाऱ्यांसह फेंडर कंपनीच्या ‘बासमन’वरून आपला पहिला अ‍ॅम्प बेतला. असे व्हॉल्व्हचे अ‍ॅम्प कुवतीपलीकडे ताणले की ध्वनिलहरींचे माथे सपाट होतात आणि मूळ स्वरात नसलेले उपस्वर उमटतात. मिरजेचा कारागीर तंबोऱ्याची जवारी लावतो, तेव्हा प्रक्रिया अगदी निराळी असते. पण उपस्वरांनी भरून येणारा नाद कानाला ओळखीचा वाटावा. मुंबईत १९८४ साली उभ्या राहिलेल्या ‘रॉक मशीन’च्या महेश तिनईकर यांच्यासारख्या वादकांनी असा ध्वनी आपल्याकडच्या मंचांवर वाजवला.

आता घरातली अडचण. सोसायटीत शेजारधर्म पाळून आवाज लहान ठेवावा लागतो आणि लहान आवाजात मानवी कानाला खर्ज व तार दोन्ही कमी ऐकू येतात. वादक मग बास आणि ट्रेबल वाढवतो, मिडल उतरवतो. मंचावर आवाज मोठा होताच तो खर्ज ढोलकीच्या धुमीला आणि ट्रेबल झांजेला भिडतो. गिटारची खरी जागा असलेली मधली पट्टी मात्र रिकामी राहते.

म्हणून आरंभ असा करावा : दहापैकी गेन ५, बास ४, मिडल ७, ट्रेबल ६, प्रेझेन्सचा नॉब असल्यास ५. गिटारवर ब्रिजजवळचा हंबकर पिकअप निवडावा. सिंगल कॉइल असेल, तर विजेच्या ५० हर्ट्झची घरघर गेनबरोबर वाढते. एकट्याने ऐकताना ही मांडणी काहीशी नाकात बोलल्यासारखी वाटेल; वाटू द्यावी.

गेनचा मोह सर्वांत वाईट. ‘एसी/डीसी’च्या ‘बॅक इन ब्लॅक’ (१९८०) या अल्बममध्ये अँगस यंग यांची गिटार कान देऊन ऐकावी : वाटते त्याहून गेन कितीतरी कमी आहे, म्हणूनच कॉर्डमधली प्रत्येक तार सुटी ऐकू येते. छोट्या सॉलिड-स्टेट अ‍ॅम्पवर गेन वाढवला की तारा एकमेकींत चिकटतात.

अंतिम जुळणी तालमीत सगळी वाद्ये वाजत असतानाच करावी. गीताच्या कडव्यात गिटारवरचा व्हॉल्यूम ७ वर आणला की ध्वनी स्वच्छ होतो. एकल वादनाला तो पुन्हा १० वर न्यावा. त्यासाठी वेगळे पेडल विकत घेण्याची गरज नाही.